मोडक्या खिळ्याचं तिकीट

४ फेब्रुवारी

चिक्या,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. अकरा वर्षांनी पत्र पाठवायचं आणि पहिल्याच शब्दाला तू नाक मुरडायचं, त्यापेक्षा नकोच. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. पत्ता तुझ्या जुन्या शेजाऱ्याकडून मिळवला. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग दिला.

पत्र कामाचं आहे. माझं पुस्तक अखेर छापायला जातंय. पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहतींच्या तिकिटांवर वरून छापलेल्या शब्दांबद्दल. हो, तेच, ज्याला तू 'ताईचं न संपणारं बाळंतपण' म्हणायचास. चारशे पानं झालीत. पहिलं प्रकरण नवशिक्यांसाठी आहे: पोर्तुगालात राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं, पण राजाच्या चेहऱ्याची तिकिटं गठ्ठ्यांनी शिल्लक होती. ती फेकणार कशी? म्हणून राजाच्या तोंडावरच रोमन लिपीत 'रिपब्लिका' असा शब्द छापून ती चालवली. दूरच्या वसाहतींत तर जो कुणी छापखानेवाला हाताशी सापडला त्याने आपल्याकडचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून हे काम उरकलं. त्यामुळे गंमत झाली. कुठे शब्द तिरका, कुठे उलटा, कुठे अक्षरच गायब. बाबा म्हणायचे तसं, राजाला घालवणं सोपं, त्याची तिकिटं संपवणं अवघड.

आता मुद्दा. पान एकशे बारावर तुझ्या त्या तिकिटाचा फोटो आहे. आपल्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या दप्तरात होता, तोच घेतला. खाली ओळ आहे, 'स्थानिक नकली छपाईचा नमुना. पहिल्या अक्षराचा, R चा, उजवा पाय मोडका.' तुझं नाव कुठेच नाही, काळजी करू नकोस.

पण नुकतंच बाबांच्या सामानात मला एक पाकीट सापडलं. तुझं तिकीट ज्या वसाहतीचं, तिथूनच कुणा जहाज कंपनीला आलेलं जुनं व्यापारी पाकीट. त्यावरच्या तिकिटावर तसाच मोडक्या पायाचा शब्द आहे. त्यामुळे थोडा विचार करावा लागेल असं दिसतं. त्या वेळी मंडळाकडून थोडी घाई झाली असावी. तुझं तिकीट अजून असेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठव, दोन्ही शेजारी ठेवून बघते. पुठ्ठ्यात घाल, दुमडू नकोस.

तुझी तब्येत बरी असेल. तुझ्या बायकोला नमस्कार सांग.

ताई

१९ फेब्रुवारी

चिक्या,

उत्तर नाही. येईल असं फारसं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, स्वतःचं पत्रही दोनदा वाचल्याशिवाय टाकत नाही. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी दोन चुका काढल्या होत्या, आणि तू म्हणाला होतास, 'ताई, एखादी तरी माझ्यासाठी राहू दे.' तर त्या पत्रात एक चूक राहिली. 'मंडळाकडून घाई झाली' असं मी लिहिलंय. मंडळ म्हणजे कोण? दाताचे डॉक्टर अध्यक्ष होते, त्यांना तिकिटातलं दातेरी कडांपलीकडे काही कळत नव्हतं. बाकीचे चहा प्यायला यायचे. तपासनीस मी होते. घाई मी केली.

तो रविवार तुला आठवायला लावण्याची गरज नाही. पण मला एकदा लिहून काढायचाय. वाचनालयाच्या वरची खोली, लांब टेबल, खिडकीशी माझी खुर्ची, कारण उजेड तिथे चांगला. तू आलास तोच हसत. घाऊक पुडक्यातून घेतलेल्या सुट्या तिकिटांत तुला ते मिळालं होतं. चिमट्यात धरून माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालास, "बघ बाई, मोडक्या पायाचं! तुझ्या यादीत नाही हे." सगळे उठून भोवती जमले.

मी भिंग लावलं. ते खरंच माझ्या यादीत नव्हतं. तोवर कितीतरी वर्षं मी ती यादी करत होते. तिकिटांच्या कुठल्या छापील तक्त्यावर, कुठल्या जागी, कुठलं अक्षर कसं आहे, सगळं तोंडपाठ होतं. मोडका पाय कुठेच नव्हता.

मी म्हणाले, "हे खोटं आहे."

तू हसलास. तुला वाटलं मी चिडवतेय. मग कुणीतरी मागून म्हणालं, "रबरी शिक्के करणाऱ्याला काय, एक शब्द छापायला कितीसा वेळ लागतो!" आणि चारपाच जण हसले. मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी नाही केलं. तुझ्या चेहऱ्यावरचं हसू विझायला थोडा वेळ लागला, ते मी पाहिलं.

"ताई, पुन्हा एकदा बघ ना," तू म्हणालास.

"मी दोनदा बघत नाही."

काय हा माज! दोनदा बघणं हेच तर माझं काम होतं, पोटापाण्याचं. आणि मग मी पेटीतून तो छोटा जांभळा शिक्का काढला, 'बनावट' लिहिलेला, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे तिकिटाच्या पाठीवर उठवला. तो शिक्काही तूच करून दिला होतास मंडळाला, फुकट. शाई पुसून निघणार नाही अशी निवडलीस म्हणून मी तुझं कौतुकही केलं होतं.

तेव्हा मी काय विसरले ते तुला कळलंच असेल. आपण दोघं छापखान्याच्या अंगणात वाढलो. खिळे उलटे वाचायला मुळाक्षरांआधी शिकलो. आई कपाळाला हात लावायची की या पोरांना सरळ लिहिलेलं वाचता येत नाही. मला माहीत होतं की शिशाचा खिळा छपाई चालू असताना मोडतो. पहिल्या पाचशे तक्त्यांवर धड असतो, पुढच्या पन्नासांवर लंगडा. मी तपासले ते सगळे आधीचे तक्ते होते. ही गोष्ट छापखान्यातला नवा उमेदवारही सांगेल. मला त्या खोलीत, त्या खुर्चीत, ती आठवली नाही.

नंतर तुझं काम कसं आटलं ते मी दुरून पाहत होते. शिक्के ज्याच्याकडून करून घ्यायचे तो माणूस विश्वासाचा हवा. शाळा गेली, विमा कचेरी गेली, वकील गेले. जिन्याखालच्या तुझ्या दुकानातून जळक्या रबराचा वास यायचा, तो यायचा बंद झाला. मी त्याच रस्त्याने छापखान्यात जात होते.

तिकीट पाठवू नकोस. ते मागायचा मला काही हक्क नाही.

ताई

६ मार्च

चिक्या,

छापखान्याचा मालक रोज विचारतोय. पंचवीस तारखेला शेवटची मुद्रितं परत द्यायची, त्यानंतर एक टिंबही हलणार नाही. पान एकशे बारा माझ्यासमोर उघडं आहे. मी अजून त्याला हात लावलेला नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मला कळत नाही की एक पान बदलायला मला इतकं जड का जातंय. किंवा कळतंय.

पहिल्या पत्रात आणखी एक शब्द चुकीचा आहे. 'नुकतंच.'

ते पाकीट मला नुकतंच सापडलेलं नाही, आणि बाबांच्या सामानातही नाही. अकरा वर्षांपूर्वी सापडलं. त्या रविवारनंतरच्या गुरुवारी.

मी माझा पोर्तुगालचा अल्बम उघडला होता, मन रमवायला. त्यात ती विळा घेतलेली देवी असलेली पानं आहेत ना, तिथे ते पाकीट ठेवलेलं होतं. मला वाटलं बाबांनीच कधीतरी तिथे सरकवलं असणार आणि माझ्या नजरेतून सुटलं. तिकिटावर मोडका पाय. त्याच्यावरून पोस्टाचा गोल शिक्का, १९१४ सालचा, आणि शिक्क्याची शाई शब्दाच्या वर चढलेली. म्हणजे शब्द आधीचा, शिक्का नंतरचा. पाठीमागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने खरेदीचं वर्ष. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. यापुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. मला भिंगसुद्धा लागलं नाही.

तू अजून गावातच होतास. पुढे सहा आठवडे होतास. माझ्या घरापासून तुझं दुकान चालत सात मिनिटांवर.

मी ते पाकीट कपाटात टाकलं आणि चावी फिरवली.

का, ते सांगते. खुर्ची जाईल ही भीती होती, ते आहेच. सगळ्या पुरुषांत एकटी बाई, आणि माझा शब्द शेवटचा. ते सुख तुला कळणार नाही. पण खरं कारण त्याहून जुनं आणि क्षुद्र आहे. बाबांनी वाटणी केली तेव्हा पोर्तुगाल मला दिला आणि वसाहती तुला. म्हणाले, "ताई शिस्तीची, तिला पोर्तुगाल. चिक्याला फिरण्याची हौस, त्याला बाकीचं जग." तू आनंदाने नाचलास. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या वसाहतींची पानं मी लावली होती रे. अंगोला, मोझांबिक, तिमोर, मकाव, प्रत्येक पानावरची नावं माझ्या हातची, टोकदार निबाने, वयाच्या चौदाव्या वर्षापासून. तू तेव्हा तिकिटं चाटून खिडकीच्या काचेला चिकटवत होतास, त्यावरूनच तर तुझं नाव पडलं. आणि सगळं तुझ्या पदरात पडलं. त्यावर माझ्या यादीत नसलेलं तिकीटही तुलाच मिळालं.

मला मत्सर वाटला. साठी ओलांडलेल्या बाईने हे लिहायला लाजायला हवं, लाजतेय, पण लिहितेय.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. निदान दोन ओळी तरी धाड.

ताई

१७ मार्च

आदरणीय ताईंना,

सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला त्याची माफी असावी. यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी अधू झाली. उजेड आणि माणसाचा आकार कळतो, अक्षर दिसत नाही. म्हणून पत्रं मी वाचून दाखवते. पहिलं वाचलं तेव्हा यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. दुसऱ्याला म्हणाले, "थांब, अजून येईल." तिसरं मला तीनदा वाचायला लावलं आणि मग उठून बाहेर जाऊन बसले. जेवायलाही हाक मारावी लागली.

मी फार शिकलेली नाही, तिकिटांतलं मला काही कळत नाही. यांनी सांगितलं तसं लिहिते.

ते पाकीट बाबांनी तुमच्या अल्बममध्ये ठेवलेलं नव्हतं. वसाहतींची सगळी खोकी आमच्याकडे होती. त्या रविवारी घरी आल्यावर यांनी ती सगळी जमिनीवर ओतली आणि तीन दिवस शोधत होते. बुधवारी दुपारी ते पाकीट मिळालं. संध्याकाळी तुम्ही छापखान्यात असताना हे तुमच्या घरी गेले. तुमची एक चावी तेव्हा आमच्याकडे असायची. यांनी ते पाकीट त्या देवीच्या पानात ठेवलं. तुम्ही मन लागलं नाही की तोच अल्बम उघडता, हे यांना माहीत होतं.

मी तेव्हा खूप भांडले. म्हटलं, एवढा पुरावा हातात आहे तर मंडळात नेऊन आपटा सगळ्यांच्या पुढ्यात. हे म्हणाले, "मी दाखवलं तर ताई तोंडावर पडेल. तिने स्वतः दाखवलं तर ती फक्त चुकली एवढंच होईल." म्हणून वाट बघत राहिले. रोज दुकान उघडून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. सामानाची गाडी आली त्या दिवशीही म्हणाले, जरा अर्धा तास थांबू. आम्ही दीड तास थांबलो.

ताई, मी खरं लिहिते, रागावू नका. मी तुम्हाला इतकी वर्षं माफ केलेलं नाही. इथे यांनी कारखान्यात खोक्यांवर पत्ते छापायचं काम केलं. हातात कसब असलेल्या माणसाला ते काम करताना बघणं मला जड गेलं. पण यांनी तुमच्याबद्दल घरात एक वाकडा शब्द कधी काढला नाही, आणि मला काढू दिला नाही.

आता यांचा निरोप, जसाच्या तसा. "ताईला सांग, गप्प बसणं मी समजू शकतो. मीही गप्पच बसलो की. भांड्याला भांडं लागतं. पुस्तकाचं तिने तिच्या मनाने ठरवावं, मला त्यातलं काही नको. पण आता पत्रं पुरे. एकोणतीसला रविवार आहे. ये म्हणावं. वसाहतींची पानं इथे पडून आहेत, मला दिसत नाहीत. कुठल्या पानावर काय आहे ते तिने बसून सांगावं."

अकराची बस चारपर्यंत पोचते. उतरवून घ्यायला मी येईन.

तुमची भावजय

२४ मार्च

चिक्या,

तुझं बोलावणं मी उशीखाली ठेवून दोन दिवस काढले. शाळकरी मुलीसारखी बॅग भरली. मग काल ती रिकामी केली. का, ते या पत्राच्या शेवटी आहे. तुझ्या बायकोला विनंती, वाचताना मध्ये थांबू नये आणि काही गाळू नये.

आधी पुस्तकाचं. पान एकशे बारा बदललं. फोटो तोच आहे, खालची ओळ वेगळी: 'छपाईच्या उत्तरार्धात खिळा मोडल्याने झालेला अस्सल प्रकार.' शोधणारा म्हणून तुझं पूर्ण नाव घातलंय. तू म्हणालास काही नको, तरी घातलंय, कारण ते तुझ्यासाठी नाही, बरोबर आहे म्हणून आहे. प्रस्तावनेत त्या रविवारचं आणि गुरुवारचं सगळं लिहिलं. मालक म्हणाला, "बाई, स्वतःच्या पुस्तकात कुणी असं लिहितं का?" मी म्हणाले, जुळव.

मग मंडळात गेले. रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून वाचून दाखवलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, मला खुर्चीवरून उठवतील. काय झालं सांगू? त्या वेळचे दोघेच उरलेत. एकाला ऐकू येत नाही. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या हो ताई, आता कुणाला आठवतंय!" नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल. मला चहा दिला. तुझी अब्रू मी जिथे घालवली तिथे ती परत ठेवायला गेले, तर घेणाराच कुणी नव्हता. अकरा वर्षं मी ज्यांना भीत होते त्यांनाच तुझं नाव मला विचारावं लागलं.

घरी येताना ठरवलं की जे तुला काम द्यायचे त्यांना तरी दारोदार जाऊन सांगावं. विमा कचेरी बंद झालीय. वकील वारले. शाळेचा हेडक्लार्क सापडला, निवृत्त, मुलीकडे राहतो. त्याला सगळं आठवत होतं. माझं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "पण बाई, मी तुम्हाला विचारायला आलो होतो की."

चिक्या, हे मी विसरलेले नव्हते. तिन्ही पत्रं लिहिताना ते माझ्या डोक्यात होतं आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या बाजूने वळसा घालून गेले.

ते पाकीट सापडलं गुरुवारी. हेडक्लार्क छापखान्यात आला शुक्रवारी दुपारी. माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसला. म्हणाला, "शाळेचे दाखल्यांवरचे शिक्के तुमच्या भावाकडे असतात. लोक काहीबाही बोलतायत. मी त्यालाच सरळ विचारलं, तू केलंस का रे हे? तर तो म्हणतो, माझ्या बहिणीला विचारा, ती जे सांगेल ते खरं माना. म्हणून आलो. तुम्ही नाही म्हणा, मी काम काढून घेत नाही."

त्याला फक्त एक 'नाही' हवं होतं. मंडळ नाही, सभा नाही, खुर्चीचा प्रश्न नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. आणि कपाटात नंतर कुलूपबंद केलेलं ते पाकीट तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं, कारण त्या सकाळपर्यंत मी ते तुझ्याकडे आणणार होते.

मी म्हणाले, "हो, त्यानेच केलंय. लहानपणापासून त्याला असले उद्योग करायची सवय आहे."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. हेडक्लार्कलाही जसेच्या तसे आठवत होते. तो उठला, म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून," आणि गेला. शाळा तुझ्या हातून गेली ती अशी. शाळेमागोमाग बाकीचे गेले. आणि त्यानंतर सहा आठवडे तू रस्त्याकडे तोंड करून माझी वाट बघत बसलास.

तू निरोप दिलास की गप्प बसणं तू समजू शकतोस. मी गप्प बसले नव्हते रे. तू माझ्यावर सोपवलंस आणि मी बोलले.

एकोणतीसला मी येत नाही. तू बोलावलंस ते हे माहीत नसताना, आणि तसलं बोलावणं घेऊन तुझ्या दारात उभं राहणं म्हणजे आणखी एक खोटं. आता तुला सगळं माहीत आहे. यापुढे माझ्याकडे लपवलेलं काही नाही, ही शपथ घ्यायचीही मला लाज वाटते, पण नाही.

पुन्हा बोलावलंस तर पहिल्या बसने येईन आणि एकेक पान सांगेन. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच असेल.

ताई